छोट्या इंजिनाचा जमाखर्च

इंग्लंडमधील डर्सली या गावी लिस्टर कंपनीने घडवलेल्या आणि पुढे राजकोटच्या कारखान्यांनी अनेक दशके त्याच धाटणीने बनवलेल्या संथ डिझेल इंजिनाची ताकद सहा अश्वशक्तीची, आणि १९८५ साली भारतीय रस्त्यांवर आलेल्या हिरो होंडा सीडी १०० या मोटारसायकलीच्या इंजिनाची ताकद सातच्या आसपास. म्हणजे कागदावर दोन्ही इंजिने जवळपास एकाच तोलाची आहेत. पण पहिल्याच्या सिलिंडरची सामावणी, म्हणजे दट्ट्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत सरकताना जेवढी जागा मोकळी करतो ती, सुमारे १,४३० घनसेंटिमीटर आहे, तर दुसऱ्याची जेमतेम ९७. पहिले मिनिटाला ६५० फेरे घेते आणि जमिनीत पक्के रोवलेल्या पायावर दोन अवजड फ्लायव्हील सांभाळत उभे राहते; दुसरे आपली पूर्ण ताकद मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर देते आणि चालवणाऱ्याच्या पायांमध्ये मावते. तेवढेच काम, पण ते करण्याच्या रीती इतक्या भिन्न की एकाचे ज्ञान दुसऱ्याला फारसे लागू पडत नाही.

छोटे इंजिन म्हणजे मोठ्या इंजिनाची लहान आवृत्ती, असा समज पाठ्यपुस्तकांतील एकाच नमुन्याच्या आकृत्यांमुळे रुजला आहे आणि तो चुकीचा आहे. अंतर्ज्वलन इंजिन, म्हणजे ज्यात इंधन बाहेरच्या भट्टीत न जळता सिलिंडरच्या आतच जळते असे इंजिन, मिळालेल्या उष्णतेचा बहुतांश भाग वाया घालवते, हे आकाराने लहान-मोठ्या सर्वांच्याच बाबतीत खरे आहे. मात्र ही तूट कोणाच्या माथी मारायची, हे प्रत्येक रचनाकार स्वतंत्रपणे ठरवत असतो: ती इंधनाच्या खर्चात दिसेल, जास्तीच्या लोखंडात दिसेल, देखभाल करणाऱ्याच्या श्रमांत दिसेल किंवा इंजिनाशी काही संबंध नसलेल्या माणसाच्या श्वासात दिसेल. त्यामुळे छोटे इंजिन कसे चालते हे सांगताना त्याची तूट कोण भरतो हे सांगितले नाही, तर ते वर्णन अपुरे राहते.

मूळ तत्त्व थोडक्यात सांगता येते. १८६० साली लेन्वार याने पॅरिसमध्ये चालवून दाखवलेल्या इंजिनात वायू आणि हवा यांचे मिश्रण न दाबताच पेटवले जाई, आणि म्हणून ते इंजिन इंधन फार खाई. मिश्रण पेटवण्याआधी दाबले पाहिजे आणि त्यासाठी दट्ट्याच्या चार धावा योजाव्यात, ही कल्पना बो द रोशा याने १८६२ साली लिहून ठेवली. निकोलाउस ओटो याने कोलोनजवळच्या डॉइट्झ येथे १८७६ साली ती प्रत्यक्षात आणली. पहिल्या धावेत दट्ट्या खाली येतो आणि मिश्रण आत ओढतो, दुसरीत वर जाऊन ते दाबतो, ठिणगी पडून मिश्रण जळाले की फुगलेला तप्त वायू तिसऱ्या धावेत दट्ट्याला खाली ढकलतो, आणि चौथीत जळलेला धूर बाहेर लोटला जातो. चारपैकी एकच धाव काम देते. उरलेल्या तिन्हींसाठी लागणारा जोर फ्लायव्हीलमध्ये साठवलेल्या गतीतून येतो. दाबण्याचे महत्त्व गणिताने स्पष्ट होते. आदर्श स्थितीत, म्हणजे उष्णता कोठेही गळत नाही आणि ज्वलन क्षणार्धात होते असे धरले तर, मिश्रण चारपट दाबल्यास उष्णतेचा सुमारे ४३ टक्के भाग कामात बदलतो आणि आठपट दाबल्यास सुमारे ५६ टक्के. प्रत्यक्षात पेट्रोलवर चालणाऱ्या लहान इंजिनाच्या दांड्यापर्यंत साधारण चौथाई पोहोचते. उरलेली उष्णता धुरावाटे आणि सिलिंडरच्या तापलेल्या भिंतींवाटे निघून जाते.

आकाराचा प्रश्न येथे उभा राहतो. सिलिंडरची लांबी-रुंदी निम्मी केली तर आत मावणारे मिश्रण एक अष्टमांश होते, पण त्याला वेढणारी भिंत फक्त एक चतुर्थांशावर येते. म्हणजे मिश्रणाच्या प्रत्येक कणामागे उष्णता शोषणारा धातू दुपटीने वाढतो. दट्ट्याच्या रिंगांपाशी, झडपांच्या कडेला आणि भिंतीलगतच्या पातळ थरात ज्वाला थंडावून विझते. अशा विझलेल्या थराचे प्रमाणही लहान सिलिंडरात जास्त असते, आणि तेथले पेट्रोल न जळताच बाहेर पडते. उलट लहानपणाचा एक मोठा फायदाही आहे. ठिणगीपासून निघालेली ज्वाला दूरच्या कोपऱ्यात पोहोचण्याआधीच तेथील मिश्रण दाबाने व उष्णतेने आपोआप भडकले, तर इंजिनातून ठोके ऐकू येतात आणि दट्ट्याला इजा होते. छोट्या सिलिंडरात तो कोपराच जवळ असल्यामुळे मिश्रण अधिक दाबण्याची मुभा मिळते. भिंतीच्या जवळीकीमुळे जे गमावले, त्यातला काही भाग याच जवळीकीने परत मिळतो. अवघ्या शंभर घनसेंटिमीटरच्या इंजिनाने किफायतीचे नाव कमावले त्यामागे हे एक कारण आहे.

त्याहून नवलाची गोष्ट वेळेची. मिनिटाला आठ हजार फेऱ्यांवर काम देणारी धाव चार हजारांश सेकंदांहूनही कमी वेळात संपते. स्तब्ध हवेत पेट्रोलच्या वाफेची ज्वाला सेकंदाला अर्ध्या मीटरपेक्षाही हळू पसरते. त्या गतीने तिला पंचवीस मिलिमीटर अंतर कापायला साठ हजारांश सेकंदांच्या आसपास वेळ लागेल, म्हणजे धाव संपून बराच काळ लोटलेला असेल. दाबलेल्या व तापलेल्या मिश्रणात ही गती काहीशी वाढते, तरी पुरत नाही. वेगवान इंजिन शक्य होते ते अरुंद झडपेतून वेगाने आत घुसलेल्या मिश्रणात उठणाऱ्या भोवऱ्यांमुळे. हे भोवरे ज्वालेला फाडतात, तिच्या घड्या पाडतात आणि तिचे अंग इतके वाढवतात की ती कित्येक पटींनी जलद धावते. शिवाय दट्ट्या जितक्या वेगाने धावेल तितके भोवरेही तीव्र होतात, त्यामुळे ज्वलनाची चाल इंजिनाच्या चालीबरोबर आपोआप वाढत जाते. हे नाते तसे नसते, तर एका विशिष्ट गतीनंतर कोणतेही पेट्रोल इंजिन पुढे सरकले नसते, आणि हलक्या वाहनांचा इतिहासच घडला नसता. तरीही थोडा उशीर राहतोच. तो भरून काढण्यासाठी ठिणगी दट्ट्या वर पोहोचण्याच्या जरा आधी पाडावी लागते, आणि गती वाढेल तशी आणखी आधी.

हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण जुळवण्याचे काम दीर्घकाळ कार्बोरेटरने केले. हवेची नळी एका ठिकाणी आवळली की तेथे हवेचा वेग वाढतो आणि दाब घटतो; त्या घटलेल्या दाबामुळे बारीक छिद्रातून पेट्रोल वर ओढले जाते आणि त्याचा फवारा होतो. वजनाने पाहिले तर एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. पण हवेने थंड होणारी छोटी इंजिने पूर्ण जोरावर चालताना बहुधा याहून जास्त पेट्रोल घेतील अशीच जुळवलेली असत, कारण जादा पेट्रोलाची वाफ होताना ते झडपा आणि दट्ट्या यांना गार ठेवते. पाण्याची टाकी, पंप आणि नळ्या वाचवल्या, वजन घटले, किंमत उतरली. त्या बदल्यात थोडे इंधन थंडावा देण्यासाठी खर्ची पडले आणि अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइडच्या रूपाने बाहेर गेले. अज्ञानातून घडलेली ही चूक नव्हे. रचनाकारांनी हिशेब करून पत्करलेली ही तूट होती.

संथ डिझेल इंजिनाने नेमका उलटा मार्ग धरला. त्यात ठिणगी नाही, म्हणून विजेची सोय नको. केवळ हवा आत घेऊन ती इतकी दाबायची की तिचे तापमान पाचशे अंश सेल्सियसच्या वर जाईल, आणि त्या तप्त हवेत डिझेलचा फवारा सोडायचा, की ते स्वतःहून पेट घेते. रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली आउग्सबुर्ग येथे ही रीत यशस्वी करून दाखवली. एवढा दाब सोसायला जाड ओतीव लोखंड लागते, आणि जाड लोखंड वेगाने हलवता येत नाही. लिस्टरच्या दट्ट्याची सरासरी गती सेकंदाला जेमतेम तीन मीटर भरते, तर सीडी १०० च्या दट्ट्याची तेराच्या पुढे. मंद गतीमुळे घर्षण कमी, झीज कमी आणि रिंगांचे आयुष्य मोठे. तूट येथे धातूच्या वजनात मांडलेली आहे: लोखंड एकदाच विकत घ्यायचे आणि वर्षानुवर्षे वापरायचे. विहिरीवर या व्यवहाराला अर्थ होता, कारण तेथे इंजिन हलवायचे नव्हते, थंडाव्यासाठी उपसलेलेच पाणी सिलिंडरभोवती फिरवता येत होते, आणि बिघाड झाल्यास डोके उघडून झडपा घासणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी मिळत होता. १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि कोल्हापूरच्या ओतशाळांनी ऑइल इंजिनांचे व त्यांच्या सुट्या भागांचे काम हाती घेतले, त्यामागे दुष्काळी पट्ट्यातल्या पाण्याची गरज जशी होती, तशीच ओतीव लोखंडावर काम करणाऱ्या कारागिरांची उपलब्धताही होती. या इंजिनांचा काळा धूर आणि काजळी निर्दोष नव्हती. तिची झळ प्रथम इंजिन चालवणाऱ्या शेतकऱ्यालाच लागे, आणि इंधनाच्या काटकसरीचा लाभही त्यालाच मिळे. नफा आणि तोटा निदान एकाच घरात राहत.

टू-स्ट्रोक इंजिनाने मात्र हा संबंध तोडला. चार धावांपैकी तीन धावा रिकाम्या जातात, ही ओटोच्या पद्धतीतील उणीव घालवण्याचा प्रयत्न अनेकांनी केला. त्यातला सर्वांत साधा मार्ग इंग्लंडमधील बाथ येथे जोसेफ डे याने १८९१ च्या सुमारास शोधला, आणि त्याच्याच कारखान्यातील फ्रेडरिक कॉक याने आत येणाऱ्या मिश्रणाची उघडझाप दट्ट्याच्या कडेनेच करून एकही झडप न ठेवण्यापर्यंत तो नेला. दट्ट्या वर जाताना त्याच्या खालच्या बंद क्रँकपेटीत पोकळी होते आणि ताजे मिश्रण तिच्यात शिरते. दट्ट्या खाली येताना तेच मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या वाटेने सिलिंडरात चढते आणि जळलेल्या धुराला बाहेर ढकलते. दर फेरीला एक काम देणारी धाव, झडपा नाहीत, त्या उघडणारा कॅम नाही, हलणारे भाग मोजके. क्रँकपेटीतून मिश्रण जात असल्याने तेथे तेल साठवता येत नाही. म्हणून पेट्रोलमध्येच तेल मिसळायचे, लिटरमागे वीस मिलिलिटरच्या आसपास, आणि ते तेल आपले काम करून शेवटी जळूनच जाते.

अडचण अशी की ताजे मिश्रण आत येण्याची आणि धूर जाण्याची दारे एकाच वेळी उघडी असतात. १९२०च्या दशकात डॉइट्झ येथील आडोल्फ श्न्यूर्ले याने ताज्या मिश्रणाचे झोत धुराच्या दारापासून उलट्या दिशेला वळवण्याची युक्ती काढली, त्यामुळे गळती घटली. पण थांबली नाही. सर्वसाधारण टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा चौथा हिस्सा, आणि काही परिस्थितींत त्याहूनही अधिक, ज्वालेचे तोंड न पाहताच सायलेन्सरमधून निघून जातो. १९८५ सालीच आलेल्या यामाहा आरएक्स १०० च्या ९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनाने सुमारे अकरा अश्वशक्ती दिली, म्हणजे जवळपास तेवढ्याच सीडी १०० च्या दीडपट. दर फेरीला एक स्फोट म्हणजे शक्ती दुप्पट, हे तर्काने बरोबर. मग प्रत्यक्षात ती दीडपटच का भरली, याचे उत्तर काही अंशी त्या उघड्या दारांत आहे. दारे उघडल्यावर वायूचा दाब दट्ट्याला ढकलण्याऐवजी बाहेर जातो, आणि आलेल्या मिश्रणातील काही भाग जळण्यापूर्वीच निसटतो. ज्यांना हे इंजिन आवडले त्यांनी त्याच्या उसळीचे कौतुक केले, आणि ती उसळी खरीच होती. निसटलेल्या पेट्रोलाची किंमतही तेवढीच खरी होती.

या इंजिनाचे समर्थन करणारा युक्तिवाद हलका लेखता येत नाही. बजाजची चेतक स्कूटर १९७२ साली आली, आणि सार्वजनिक बसव्यवस्था अपुरी असलेल्या पुण्यासारख्या शहरात मध्यमवर्गीय कुटुंबाला तिने नोकरी, शाळा, दवाखाना आणि बाजार यांच्यामधले अंतर आवाक्यात आणून दिले. नोंदणी केल्यावर ती हाती येण्यासाठी लोक वर्षानुवर्षे थांबत, यावरून गरज किती खोल होती हे समजते. रस्त्याकडेचा मेकॅनिक प्लगवरची काजळी खरवडून, कार्बोरेटर फुंकून आणि सायलेन्सर जाळून साफ करून ती पुन्हा चालती करू शकत असे. रिक्षाचालकांनी त्याच जातीच्या इंजिनावर संसार चालवले. इंजिन स्वस्त होते म्हणूनच ते सामान्यांपर्यंत पोहोचले, आणि ते महाग केले असते तर लाखो लोक पायीच राहिले असते, हे म्हणणे बरोबर आहे. पण स्वस्ताई म्हणजे काय, याची तपासणी येथेच करायला हवी. झडपा, कॅम आणि तेलाची वेगळी व्यवस्था वाचवून जो पैसा उरला, त्याची भरपाई न जळलेल्या पेट्रोलाच्या आणि तेलाच्या निळसर धुराने केली. तो धूर चौकातल्या हवालदाराच्या, फूटपाथवरच्या विक्रेत्याच्या आणि शाळेबाहेर ताटकळणाऱ्या मुलाच्या छातीत गेला. त्यांच्यापैकी कोणी स्कूटरच्या किमतीत सवलत घेतलेली नव्हती.

म्हणूनच धुराचे निकष कडक होणे हा उद्योगावर लादलेला जाच होता, हे मत मान्य करता येत नाही. भारतात दुचाकींसाठी पहिले निकष १९९१ साली आले, १९९६ मध्ये ते आवळले गेले, आणि २००० साली हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेले इंधन, व नायट्रोजनची ऑक्साइडे यांची मिळून मर्यादा किलोमीटरला दोन ग्रॅमवर आली. हा आकडा गाठणे फोर-स्ट्रोकला जमण्यासारखे होते, साध्या टू-स्ट्रोकला फार कठीण; बाजार काही वर्षांत फिरला. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस सहा, म्हणजे भारत स्टेज सहा, या टप्प्यात हायड्रोकार्बनची मर्यादा ०.१ ग्रॅमवर आली, आणि कार्बोरेटरच्या जागी संवेदकांच्या सूचनेवरून मोजून इंधन फवारणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था बहुतेक छोट्या मोटारसायकलींवरही आली. निकषांनी केले ते एवढेच की शेजाऱ्याच्या फुप्फुसांवर चढलेले ओझे उतरवून विकत घेणाऱ्याच्या खिशावर ठेवले, आणि वाहनाचा लाभ त्यालाच मिळत असल्याने ते ओझे तेथेच असणे न्याय्य होते.

मात्र या फेरवाटणीत एका माणसाचा विचार कोणी केला नाही. कानाने इंजिनाची चाल ओळखणारा, स्क्रू-ड्रायव्हरने मिश्रण जुळवणारा मेकॅनिक या बदलानंतर बिघाड नेमका कोठे आहे हे सांगणाऱ्या उपकरणाशिवाय हतबल झाला, आणि ते उपकरण व त्याची माहिती मुख्यतः कंपन्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रांकडे राहिली. हवा शुद्ध करायची असेल तर ही कारागिरी मोडावीच लागते, असे समजण्याचे कारण नाही. बिघाडाचे संकेत वाचण्याची माहिती खुली करणे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधून ती शिकवणे हे निकषांइतकेच धोरणाचे काम आहे. धुराची मर्यादा कायद्याने ठरवता येते, तर दुरुस्तीचा हक्कही ठरवता येतो.

विजेच्या मोटारी आल्यामुळे हा सारा वाद इतिहासजमा झाला, असे म्हणणारे शहरातील स्कूटरपुरते बरोबर आहेत. रोज ठरावीक अंतर कापून रात्री घरी उभ्या राहणाऱ्या वाहनासाठी विद्युत मोटर सरस आहे, कारण तिच्यात ओटोच्या चक्राची मूळ तूटच नाही. परंतु एक किलो पेट्रोलात सुमारे बारा किलोवॉट-तास ऊर्जा असते आणि एक किलो चांगल्या लिथियम सेलमध्ये पाव किलोवॉट-तासाच्या आसपास. छोट्या इंजिनाने पाचातला एकच भाग कामी लावला असे धरले, तरी किलोमागे मिळणारे काम दहापटीच्या जवळ राहते. ज्या कामात ऊर्जा पाठीवर वाहून न्यावी लागते आणि दिवसभर विजेचा खांब जवळ नसतो, तेथे पेट्रोलचे छोटे इंजिन अजून बराच काळ राहणार आहे. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागांत उतारावर गवत कापणाऱ्या यंत्रांत आणि द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत पाठीवर वाहायच्या फवारणी पंपांत ते रोज दिसते, आणि त्यातले बरेचसे टू-स्ट्रोकच आहे.

तेथे टू-स्ट्रोक टिकून राहिले याला केवळ स्वस्ताई कारण नाही. गवत कापणारा माणूस यंत्र तिरपे धरतो, वळवतो, कधी उलटेही करतो. साध्या फोर-स्ट्रोक इंजिनाच्या तळाशी साठवलेले तेल अशा वेळी भलतीकडे वाहते आणि दट्ट्या कोरडा पडतो, तर इंधनातच तेल मिसळलेले टू-स्ट्रोक कोणत्याही स्थितीत चालते. हा गुण खरा आहे. पण तेलाचे धुके करून ते सर्व भागांपर्यंत पोहोचवणारी, कशीही धरली तरी चालणारी छोटी फोर-स्ट्रोक इंजिने होंडाने कधीच बाजारात आणली आहेत, आणि टू-स्ट्रोकमध्येही ताज्या मिश्रणाच्या आधी शुद्ध हवेचा थर सोडून गळती हवेपुरती मर्यादित ठेवण्याची रचना प्रचारात आहे. म्हणजे तांत्रिक अडचण बरीचशी सुटलेली असून उरला आहे तो किमतीतला फरक. आणि येथे तूट भरणारा माणूस चौकातल्या हवालदाराहूनही इंजिनाच्या जवळ आहे, कारण सायलेन्सरचे तोंड त्याच्या पाठीपासून किंवा खांद्यापासून हातभर अंतरावर असते. शिवाय तो बहुतेकदा यंत्राचा मालक नसून रोजंदारीवर आलेला मजूर असतो, आणि यंत्र खरेदी करताना वाचलेला पैसा त्याच्या मजुरीत येत नाही. शेतीच्या यांत्रिकीकरणासाठी सरकारी अनुदान देताना यंत्राची अश्वशक्ती आणि किंमत यांच्या बरोबरीने त्याच्या धुरातील न जळलेल्या इंधनाचे मोजमाप आणि पाठीवर जाणवणारी कंपने हेही निकष धरले, तर स्वच्छ यंत्राची जादा किंमत बागायतदाराच्या वा मजुराच्या माथी न येता अनुदानाच्या रकमेत बसू शकते. आणि ज्या तालुक्यांत बागा दाट आहेत तेथपासून ही पद्धत सुरू करता येण्यासारखी आहे.